कोरं तोंड

शिडी गेली तेव्हा नागनाथ पेंटर भिंतीवर माझा उजवा डोळा काढत होता. डावा काढून झाला होता. बाजाराचा दिवस, दुपारचे बारा, गिरणीसमोर तीसेक माणसं उभी. खालून शिडी ओढली की माणूस लगेच पडत नाही, जरा वेळ भिंतीला चिकटल्यासारखा राहतो. तो तसा राहिला, मग ब्रशाची काळी रेघ भिंतीवरून ओढत खाली आला आणि ओट्याच्या कडेवर कमरेनं आपटला. रंगाचा डबा त्याच्या मागून आला. काळा रंग ओट्यावरून वाहत दळणाच्या डब्यांपर्यंत गेला.

आत पट्टा फिरत होता. कुणाची तरी ज्वारी दळून संपली होती आणि दगडावर दगड घासत होता. मी पहिल्यांदा आत जाऊन मोटर बंद केली. लोकांना ते नंतर फार लागलं. माणूस पडला आणि बाई मोटर बंद करायला गेली, असं म्हणत होते. दगड रिकामा फिरला तर जळतो. चाळीस वर्षांची सवय आहे, ती माणूस बघत नाही.

बाहेर आले तेव्हा शिडी माझ्या मुलाच्या हातात होती.

मी चौथी शिकले. हिशेबापुरतं आणि पोथीपुरतं वाचता येतं, लिहायची सवय नाही. पण आता नांदेडच्या कॉलेजातली पोरं-पोरी येऊन भिंतीचे फोटो काढतात आणि मला विचारतात, आजी, पेंटर कसे होते? मी त्यांना अर्धं सांगते. उरलेलं इथं लिहिते.

आमचं गाव नायगावहून बिलोलीकडं जाताना लागतं. नाव लिहीत नाही, कारण असं गाव एकच नाही. नवरा वारल्यावर गिरणी मीच चालवत होते. नागनाथ पेंटर एका जुन्या मोपेडवर आला, मागं शिडी बांधलेली. उंच, वाळका माणूस, साठीच्या पुढचा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, कानामागं ब्रश. पॅंट एकच असावी. तो ब्रश पॅंटलाच पुसायचा, त्यामुळं ती कुठल्या रंगाची होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"आक्का, गिरणीचा बोर्ड रंगवून देतो. फुकट."

"फुकट कामून?"

"बाजूची भिंत द्या मला."

"भिंतीला काय करायचंय?"

"पेपर काढायचाय."

"पेपर कागदावर असतो."

"कागदावर करून बघितला," तो म्हणाला.

भिंतीचं भाडं कुणी देत नव्हतंच. मी हो म्हणाले. बोर्ड त्यानं झकास रंगवला. अक्षरं अशी की लांबून वाटायचं, आत काहीतरी मोठं दुकान आहे.

गावानं पहिल्यांदा त्याची जात काढायचा प्रयत्न केला. आडनाव विचारलं तर तो "पेंटर" सांगायचा. एकदा पारावरच्या म्हाताऱ्यांनी सरळच विचारलं, "तुमची जात कोणची, पाव्हणं?" तो म्हणाला, "ऑइल पेंट. पाण्यानं निघत न्हाई." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, पण शोधायचंही थांबवलं नाही.

त्याची कामाची तऱ्हा सांगते. आठवड्यातले चार दिवस तो गावात आणि आजूबाजूला नुसता बसायचा. कुणाच्या ओट्यावर, बसस्टॉपवर, सोसायटीच्या दारात. हातात वही असायची, तिच्यात तो बकरी काढायचा, लोटा काढायचा, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा नाही. मी विचारलं, माणूस बोलतोय आणि तू बकरी काय काढतोस? म्हणाला, "तोंडाकडं बघितलं की माणूस तोंड सांभाळतो. बकरीकडं बघितलं की खरं बोलतो."

मग बाजाराच्या आदल्या दिवशी तो भिंत चुन्यानं पांढरी करायचा आणि एक चित्र काढायचा. एकच. खाली दोन ओळी, काय झालं आणि कुणी सांगितलं. कुणी "चित्र छान झालंय" म्हटलं की त्याला राग यायचा. "चित्र घरात लावतेत. ही बातमी हाय."

चहाचा ग्लास आणि टर्पेंटाइनचा ग्लास एकसारखे असायचे, कारण दोन्ही माझेच. चहात ब्रश तर नेहमी बुडवायचा. एकदा उलटं झालं, टर्पेंटाइन तोंडाला लावलं. थुंकला, तोंड पुसलं, म्हणाला, "आज साखर कमी हाय, आक्का."

पण त्याचं मुख्य म्हणजे कोरं तोंड. बातमीतल्या ज्या माणसाशी त्याचं बोलणं झालेलं नसेल, त्याचं तोंड तो काढायचा नाही. धड, कपडे, हातातली काठी सगळं काढायचा, आणि तोंडाच्या जागी नुसता चुना. लोक म्हणायचे, अहो हा अमकाच आहे, शर्टावरून दिसतंय, काढा की. तो म्हणायचा, "त्यानं अजून सांगितलं न्हाई. सांगितलं की काढतो."

हे खूळ कुठून आलं ते त्यानं एकदाच सांगितलं. लाइट गेलेली होती, गिरणी बंद, तो ओट्यावर ब्रश धूत बसला होता. तरुणपणी तो नांदेडच्या एका पेपरात होता. बातमीही लिहायचा आणि तिचं चित्रही काढायचा. बिलोलीकडच्या एका दवाखान्यातली औषधं बाहेर विकली जातात अशी बातमी आली. चार लोकांनी कंपाउंडरचं नाव घेतलं. पेंटरनं त्याचं चित्र काढलं, हातात बाटल्या, तोंडावर हसू. छापून आलं.

"मग?"

"मग कळलं, तक्रार त्यानंच केलती."

"माफी मागितली का?"

"कुठं मागू? तो घरदार घेऊन गेला. दोन वर्सं हुडकलं. उदगीर, देगलूर, पार निजामाबाद. त्याचं तोंड मला पाठ हाय, आक्का. आता कुठं दिसला तर लगेच वळखीन. पण तोंड काढायच्या आधी एकदा त्याच्या दारात गेलो असतो तर?"

असं म्हणून तो परत ब्रश धुवायला लागला. ब्रश कधीच स्वच्छ झाला होता.

भिंत गावाला आवडली. हे कबूल करते, कारण नंतर तेच गाव उलटं बोललं. पहिली मोठी बातमी बसची होती. शाळेच्या पोरी स्टॉपवर हात करतात आणि बस थांबत नाही. त्यानं दहा पोरी काढल्या, दहाही जणींची तोंडं वेगळी. कुणाची वेणी सुटलेली, कुणी दप्तर डोक्यावर घेतलेलं. बस काढली आणि ड्रायव्हर कोरा. बाजारात लोक गोळा झाले. कुणी म्हणालं ड्रायव्हर माजलेत, कुणी म्हणालं पोरीच उशिरा येतात, त्यावरून दोघांची जुंपली. आठवडाभर भिंतीसमोर नुसतं भांडण. आणि भिंत पांढरी व्हायच्या आधी एके दिवशी बस गिरणीसमोर करकचून थांबली. ड्रायव्हर उतरला, बसमधली माणसं बसमध्येच.

"कोण हाय तो पेंटर? माझं मुंडकं कुठंय?"

पेंटरनं वही उघडली. "बसा. चहा घेता का?"

"चहा नगं. ल्ह्या. स्टॉपच्या म्होरं खड्डा हाय हे दिसत न्हाई का तुमाला? दोन डाव टायर फुटलं माझं. भरपाई कोण देणार, तुमची भिंत?"

पेंटरनं त्याचं तोंड काढलं, मिशीसकट, आणि बसच्या पुढं खड्डा काढला. पुढच्या आठवड्यात गावातल्या लोकांनी मुरूम टाकून खड्डा बुजवला. बस थांबायला लागली. भिंत पांढरी झाल्यावरही ड्रायव्हर जाता-येता तिच्याकडं बघून हॉर्न वाजवायचा. पेंटर एवढा खूश मी पुन्हा पाहिला नाही. खूश म्हणजे त्यानं दुसरा चहा मागितला.

मग डब्यांचं आलं. दळणाचे डबे सगळे सारखे, तेलाचे पत्र्याचे. रोज कुणाचा तरी बदलायचा. पेंटर म्हणाला, नावं टाकून देतो. बाया डबे घेऊन उभ्या राहिल्या.

"डबा कुणाचा?"

"ह्यांचा."

"दळण कोण आणतंय?"

"मी."

"भाकरी कोण थापतंय?"

"मीच की, आणि कोण?"

"मग नाव सांगा. तुमचं."

बाया लाजल्या, एकमेकींना ढकलायला लागल्या. सुमन नावाची आमची शेजारीण आहे, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "लिव्हा. घरावर न्हाई तर न्हाई, डब्यावर तरी येऊ द्या." त्या दिवशी पस्तीस डब्यांवर नावं आली. लाल रंगात, ठसठशीत. त्यांत कौसाचाही डबा होता.

कौसा वस्तीवरची. वस्ती म्हटली की कोणती, असं आमच्याकडं कुणी विचारत नाही. ती सकाळी सहाला शेतावर कामाला जाताना डबा ठेवून जायची, सगळ्यांत आधी. आणि तिचं दळण व्हायचं सगळ्यांत शेवटी. सासूच्या वेळेपासून वस्तीचे डबे मागं सरकवायची रीत होती. पायानं नाही, हातानं सरकवायचे. तेवढं आम्ही सांभाळायचो.

गिरणीच्या दगडांत आधीच्या दळणाचं मूठभर पीठ राहतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून वस्तीचं दळण शेवटी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरची मूठभर ज्वारी टाकून पहिलं पीठ बाजूला काढायचं, ते गाईला. आमच्या घरात गळ्यात इष्टलिंग आहे. सगळी माणसं सारखी, असं आम्हाला सांगितलेलं आहे. ते गळ्यात राहतं, हाताला येत नाही. गाईला मात्र कौसाचं पीठ चालत होतं.

पेंटर सकाळी लवकर यायचा, रंग वाळायला ऊन पाहिजे म्हणून. एकदा त्यानं विचारलं, "आक्का, रोज पहिली मूठ बाजूला कामून टाकता?"

"दगड साफ होतो."

"काय राहिलेलं असतंय त्यात?"

"पीठ राहतं, आणि काय?"

"कुणाचं?"

मी मोटर चालू केली. आवाजात बोलता येत नाही.

तो तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. चार दिवसांनी पुन्हा विचारलं. "कौसाबाई पहिली येती, तिचं शेवटी कामून?"

"ती संध्याकाळी नेते. तिला कुठं घाई हाय?"

"ती संध्याकाळी येती म्हणून तुमी शेवटी दळता, का तुमी शेवटी दळता म्हणून ती संध्याकाळी येती?"

मी म्हणाले, "तुला बोर्ड रंगवायला ठेवलं होतं."

तो कौसाकडं गेला. तिनं काय सांगितलं ते मला भिंतीवरच कळलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी त्यानं माझ्याच भिंतीवर माझीच गिरणी काढली. डब्यांची रांग, प्रत्येकावर लाल नाव, जसं खरोखर होतं तसं. एका बाजूला सूर्य उगवताना कौसा पहिला डबा ठेवते आहे. दुसऱ्या बाजूला सूर्य मावळताना तोच डबा शेवटी. मध्ये निळ्या लुगड्यातली एक बाई वाकून डबा सरकवते आहे. खाली गाय पीठ खाते आहे. कौसाचं तोंड हुबेहूब होतं. बाईचं कोरं. खाली ओळी होत्या: "चार वेळा थांबून बघितलं, चारही वेळा डबा मागं गेला. सांगणारी कौसा. गिरणीवालीनं अजून सांगितलं नाही."

निळं लुगडं मी त्या दिवशीही नेसले होते.

मी त्याला भिंत पुसायला लावली असती. भिंत माझी होती. का लावली नाही ते सांगता येत नाही. चित्रात काही खोटं नव्हतं, एवढंच.

बाजारात नुसता कालवा. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "समदं मिटलेलं व्हतं, ह्यानं उकरलं." सुमन म्हणाली, "मिटलं व्हतं तर डबा कामून सरकतो, मामा?" दुसरी म्हणाली, "तुझ्या डब्यात येऊ दे मग तिचं पीठ." "येऊ दे की, गाय मेली का खाऊन?" ह्यावरून दोघी आठ दिवस बोलल्या नाहीत.

कौसा संध्याकाळी आली. भिंतीसमोर उभी राहिली. तिला वाचता येतं, माझ्यापेक्षा बरं. आधी ती पेंटरवरच उखडली. "बोलले ते खरं. पण आता मला कामाला कोण बोलवल, ते तुमी काढणार का भिंतीवर?" पेंटरनं मान खाली घातली. "पुसू का?" "आता पुसून काय? समद्यांनी वाचलं." मग डबा उचलता उचलता ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आक्का, गाय मातर झ्याक काढलीया." वीस वर्षांत ती माझ्याशी दळणाशिवाय पहिल्यांदा बोलली.

नेहमी आठ दिवसांनी भिंत पांढरी व्हायची. ह्या वेळी पेंटरनं चुना कालवलाच नाही. "बाजू आली न्हाई तवर पुसता येत न्हाई, आक्का." दुसरा बाजार गेला. माझा मुलगा मन्मथ नायगावला स्पेअर पार्टच्या दुकानात काम करायचा आणि बाजाराच्या दिवशी गिरणीवर मदतीला यायचा. पण ते दोन बाजार तो आला नाही. कुणीतरी भिंतीचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, "बिनमुंडक्याची आक्का". मन्मथचा फोन आला. "आई, ती भिंत पूस. मला दुकानात तोंड दाखवाय जागा न्हाई." मी म्हणाले, "बघते." तो म्हणाला, "काय बघती? त्यानं तुझं मुंडकं काढून ठिवलंय." मी पुन्हा म्हणाले, बघते.

तिसऱ्या बाजाराला सकाळी मी पेंटरला आत बोलावलं.

"लिहून घे. डबा मी सरकवते. सासू सरकवायची, मी सरकवते. बरोबर का चूक विचारशील, तर मी चाळीस वर्सांत इचार केला न्हाई. तेवढंच लिव्ह. इचार केला न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच हाय."

त्यानं ह्या वेळी बकरी काढली नाही. माझ्याकडं बघत होता. "डोळे खाली काढू का समोर?"

"समोर काढ. मी कुणाचं चोरलेलं न्हाई."

त्यानं शिडी लावली.

मन्मथला मी हे सांगितलं नव्हतं. हे माझ्याकडून राहिलं. आमच्यात आई मुलाला सगळं विचारते, सांगत काही नाही. तो बाराला नायगावहून आला. गर्दी बघितली, पेंटरला शिडीवर आईच्या तोंडाशी बघितलं. त्याला वाटलं, आता हा अजून काहीतरी काढतोय. त्यानं विचारलं नाही. बाकीचं सुरुवातीलाच लिहिलं आहे.

पेंटरला टेम्पोत घालून नांदेडला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, आत लोखंडी पट्टी घातली. टेम्पोत त्याला घट्ट धरून मन्मथच बसला होता. घरी येऊन रडला. मी त्याला पाणी दिलं.

ठाण्यातून जमादार आला. "आक्का, शिडी कुणी ओढली?"

"मी आत होते. मोटर बंद करत होते."

मोटर मी खरंच बंद केली होती. फक्त पडल्यानंतर. सांगताना मी ते पडायच्या आधी केलं. बाहेरच्या तीस माणसांनाही विचारलं. तीसही जण आत होते म्हणे. माझी गिरणी दहा बाय बाराची आहे.

पेंटरला दवाखान्यात विचारलं. तो म्हणाला, "मी वर व्हतो. खालचं मला दिसलं न्हाई. ज्याला दिसलं त्यानं सांगावं." तो खोटं बोलला नाही. माझ्यासाठीही बोलला नाही. कागद बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडली. ओट्यावर काळा रंग वाळलेला होता. पहिला डबा कौसाचा. मी तो उचलला आणि दळला. त्याच्यामागून सुमनचा आला, तो दळला. पहिली मूठ बाजूला टाकली नाही. मला कुणी शहाणपण शिकवलं असं समजू नये. मी दमले होते. डबा मागं सरकवायलाही जोर लागतो. सात घरं दुसऱ्या गिरणीला गेली. गाय दोन दिवस सकाळी दारात येऊन उभी राहायची, मग तिनंही सोडलं. कौसाला महिनाभर कुणी कामाला बोलावलं नाही, मग खुरपणीला माणूस मिळेना तेव्हा बोलावलं.

पेंटरला त्याची मुलगी लातूरला घेऊन गेली. सहा-सात महिन्यांनी तिचा फोन आला, की बाबा खाटेवरून उठलेच नाहीत, छातीत पाणी झालंय, तुमचं नाव घेतात. मी मन्मथला म्हणाले, "चल. तुझं तोंड तूच दे." तो गाडीत बसला. घर वरच्या मजल्यावर होतं. तो जिन्याखालीच थांबला.

पेंटर खाटेवर होता. पॅंट नव्हती, लुंगी, तीही स्वच्छ. त्यामुळं तो मला परका वाटला. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर त्यानं चित्रं काढलेली. वरचं त्यानं माझ्याकडं सरकवलं. गिरणी, पडणारा माणूस, समोर तीस माणसं. शिडीच्या पायाशी एक जण, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. तोंड कोरं.

"मन्मथ आला का?"

"खाली हाय."

"वर न्हाई येत?"

"न्हाई म्हणतो."

"मग मला खिडकीला न्या."

मुलीनं आणि मी खाट ढकलली. खाली लिंबाच्या झाडाजवळ मन्मथ उभा होता, रस्त्याकडं तोंड, आमच्याकडं पाठ. पेंटरनं कागद मांडीवर घेतला.

"वळला की काढतो."

मुलीनं चहा आणला. चहा निवला. मी हाक मारू का म्हटलं तर तो म्हणाला, "नगं. हाक मारून वळलं ते तोंड कामाचं न्हाई." मन्मथ वळला नाही. मग पेंटरनं त्याची पाठ काढली. वाकलेली मान, खांद्यावर ताणलेला शर्ट. हात पहिल्यासारखाच चालत होता, फक्त मध्येमध्ये श्वासासाठी थांबायचा.

मी म्हणाले, "पेंटर, मी जमादाराला खोटं सांगितलं."

तो कागदावरून नजर न काढता म्हणाला, "मला सांगून काय फायदा, आक्का? माझ्याकडं आता भिंत न्हाई."

निघताना म्हणाला, "तुमचा एक डोळा राहिला."

"एकानं दिसतं," मी म्हणाले.

दारातून मागं बघितलं तेव्हा तो खिडकीतून खालीच बघत होता, पेन्सिल हातात, अजून वळेल म्हणून. सतरा दिवसांनी मुलीचा फोन आला.

भिंत मी पुसलेली नाही. पावसानं चुना गेला, रंग राहिला. एका डोळ्याची बाई आहे, गाय आहे, आणि ब्रशाची वरून खाली आलेली रेघ आहे. पोरं विचारतात, आजी, शिडी कशी पडली? मी म्हणायचे, मी आत होते.

शिडी पडली नाही. ओढली. मन्मथनं ओढली, आणि मी दारातून बघितलं.

हे लिहिलेलं मन्मथला वाचायला दिलं. आता गिरणी तोच चालवतो. त्यानं उभ्यानंच सगळं वाचलं, कागद एका डब्यावर ठेवले आणि म्हणाला, "बाह्या दुमडलेल्या व्हत्या, ते बरोबर हाय." मग पुढचा डबा उचलून आत गेला.

नागनाथ पेंटर गेला. कौसा आहे, मन्मथ आहे, मी आहे.